किरकोळ गळती

आमच्या बॉयलर हाउसच्या पाळी रजिस्टरमध्ये एकतीस वर्षांत 'मोठी' हा शब्द कुणी लिहिलेला मी पाहिला नाही. मीही लिहिला नाही. गळती असायची ती किंचित, किरकोळ, थोडी आणि अगदीच गळ्याशी आलं तर बऱ्यापैकी. बाहेरच्या माणसाने ते रजिस्टर चाळलं असतं, तर त्याला वाटलं असतं की काय सुखी कारखाना आहे, इथे कधी काही घडतच नाही.

मी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. आमच्या नगर जिल्ह्यात कारखान्यांची वाण नाही, तरी बॉयलर म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे साखर तिथंच शिजते का?" नाही हो. ऊस गव्हाणीत पडतो, चरकातून पिळून निघतो, रस पुढे जातो आणि मागे उरलेला भुसा आमच्याकडे येतो. त्याला बगॅस म्हणतात. तो जाळून आम्ही पाण्याची वाफ करायची. त्या वाफेवर चरक फिरतात, रस आटतो, कॉलनीतले दिवेसुद्धा लागतात. हंगामाची पहिली पोती निघाली की साखर करणाऱ्या विभागाचे फोटो निघायचे. आमचा फोटो कधी निघाला नाही, कारण आमच्या तोंडावरची काजळी धुऊन होईपर्यंत फोटोवाला निघून गेलेला असायचा.

आमचं काम म्हणजे दोन गोष्टींवर डोळा ठेवायचा. बॉयलरच्या काचनळीत दिसणारं पाणी आणि प्रेशरचा काटा. आणि कान सगळीकडे ठेवायचे. हे कानाचं जरा समजावून सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. तुम्ही चहाच्या किटलीतून निघताना बघता ती पांढरी वाफ ही निवायला लागलेली वाफ असते. बॉयलरमधली खरी तापलेली वाफ दिसत नाही. ती फक्त ऐकू येते. पाइपाच्या एखाद्या जोडातून ती सुटली असेल तर तिथे हात नेणारा माणूस हात परत आणेलच असं नाही. म्हणून आमच्याकडे एक काठी असायची, तिच्या टोकाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं. ती पुढे धरून हळूहळू पाइपावरून फिरवायची. फडकं हललं की गळती सापडली. फडकं किती हललं, त्यावरून किंचित की किरकोळ हे ठरायचं.

आता शब्द एवढे बारीक का? कारण एक बॉयलर बंद करायचा म्हणजे कारखाना थांबवायचा. बॉयलर निवायला अर्धा दिवस, दुरुस्ती, परत तापवायला तेवढाच वेळ. इकडे यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेला लागलेले, ऊस वाळतोय, बैल उभे आहेत, माणसं उसाच्या पाचटावर बसून शिव्या घालतायत. अशा वेळी 'मोठी' लिहिणारा माणूस कुणालाच नको असतो. मग आम्ही आमची एक मोजपट्टी करून घेतली होती. किंचित म्हणजे विसरून जा. किरकोळ म्हणजे फेरी मारताना कान दे. थोडी म्हणजे फिटरला सांग. बऱ्यापैकी म्हणजे चीफ इंजिनिअर साहेबांना घरून बोलाव, तेच येऊन बंद करायचं की नाही ते ठरवतील. आणि यात एक रीत होती, कुठल्याही नियमात न लिहिलेली. 'बऱ्यापैकी' लिहिणाऱ्याने पाळी संपली तरी घरी जायचं नाही. गळती त्याने पाहिलेली असते, तेव्हा साहेब येईपर्यंत त्याने काठी घेऊन तिथेच उभं राहायचं.

मध्यंतरी एक तरुण चीफ साहेब आले होते. हुशार माणूस. त्यांनी आठ दिवस रजिस्टर वाचलं आणि आम्हा सगळ्यांना बोलावून विचारलं, "किरकोळ म्हणजे नक्की किती?" मग त्यांनी छापील तक्ता आणला. त्यात तीन रकाने, लहान, मध्यम आणि मोठी. फक्त खूण करायची. आम्ही इमानदारीत खुणा केल्या. महिन्याभरात लहानच्या रकान्यात नुसती खूण राहिली नाही. कुणी खुणेशेजारी 'अगदीच' लिहायला लागला, कुणी 'तशी', कुणी 'लक्ष असावे'. मोठीचा रकाना हंगाम संपेपर्यंत कोरा. साहेबांनी तो तक्ता हातात धरला, हसले आणि पुढच्या हंगामाला जुनं रजिस्टर परत आणलं.

ही भाषा घरापर्यंत आली होती. हाताला चटका बसायचाच, आणि घरी गेल्यावर सुमन विचारायची, "किती पोळलं?" मी म्हणायचो, "जरासं." पहिली दोन-चार वर्षं ती फसली. मग तिने माझी मोजपट्टी शिकून घेतली. मी 'जरासं' म्हटलं की ती मलमाची डबी काढायची आणि 'काही नाही गं' म्हटलं की पायांत चपला घालून दवाखान्यात न्यायला तयार. पोरींना सांगायची, "तुमच्या बापाला काही झालं नाही म्हणजे काहीतरी झालंय."

माझ्यानंतरच्या पाळीला भागुजी असायचा. पारनेर तालुक्यातला, माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगाने काटक, बोलायला अत्यंत कंजूष. आम्ही सतरा हंगाम एकमेकांना पाळी सोपवली. मी दुपारी चारच्या भोंग्याला उठायचो, तो माझ्याच खुर्चीत बसायचा, सीट गरम असायची. मला तो अण्णा म्हणायचा. रजिस्टरवर नजर टाकायचा आणि विचारायचा, "तुमचं किरकोळ हाय ना?" म्हणजे काय, तर प्रत्येकाचं किरकोळ वेगळं असतं. एक जण होता, तो घाबरट, त्याचं किरकोळ म्हणजे काहीच नसायचं. दुसरा एक बेरकी, त्याच्या किरकोळला भागुजी लगेच काठी घेऊन धावायचा. माझं किरकोळ म्हणजे किरकोळच, असा माझा लौकिक होता. त्याचा मला फार अभिमान होता, हे आता लिहिताना हात जड होतो.

तो दिवस जानेवारीच्या शेवटचा. गाळप अगदी भरात. माझी आठ ते चार पाळी, आणि संध्याकाळी केडगावला माझ्या धाकट्या मुलीचा, वैशालीचा साखरपुडा. साडेपाचचा मुहूर्त. रजा मागितली होती, मिळाली नाही, हंगामात ती मिळत नाही. सुमनने सकाळी डब्यासोबत इस्त्रीचे कपडेही पिशवीत घालून दिले आणि एवढंच म्हणाली, "थोरलीच्या वेळी तुम्ही आला नव्हता." थोरलीच्या साखरपुड्याला मी खरंच 'बऱ्यापैकी' लिहून काठी घेऊन उभा होतो.

दुपारी अडीचला दोन नंबरच्या बॉयलरवर मला आवाज बदललेला वाटला. वरच्या मजल्यावर मेन वाफेचा व्हॉल्व्ह आहे, मोटारीच्या स्टिअरिंगपेक्षा मोठं चाक. त्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे पाइपाचा जोड. मी काठी घेऊन वर गेलो. जोडाच्या खालच्या अंगाला फडकं नेलं आणि ते हललं नाही, सरळ ताठ उभं राहिलं. दोन क्षणांत त्याची कड चिरत गेली. आतली गॅस्केट, जोड घट्ट ठेवणारी चकती, जायला आली होती. ती कधी जाईल हे देवालाच ठाऊक, पण जाणार होती.

मी खाली आलो. काठी खुंटीला लावली. रजिस्टर उघडलं, 'दोन नंबर, मेन वाफेचा जोड' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. बऱ्यापैकी लिहिलं असतं तर साहेब आले असते. ते त्या दिवशी नगरला मीटिंगला होते, म्हणजे यायला सहा वाजले असते. तोवर मी तिथे उभा. माझ्या डोळ्यांपुढे सुमनचं सकाळचं तोंड आलं. मी स्वतःला सांगितलं की असे जोड चार-चार दिवस तग धरतात. हे खोटंही नव्हतं, मी तसे पाहिले होते. आणि मी लिहिलं, 'किरकोळ गळती.'

चारला भागुजी आला. रजिस्टर बघितलं. "तुमचं किरकोळ हाय ना?" त्याने नेहमीसारखंच विचारलं.

"हो," मी म्हणालो. "जरा कान असू दे."

"जावा तुमी. पोरीचं काम हाय. माजा आशीर्वाद सांगा तिला."

मी कारखान्याच्या न्हाणीघरात तोंड धुतलं, कपडे बदलले आणि मोटरसायकल काढली. केडगावला पोचलो तेव्हा पाच वीस झाले होते. सुमनच्या तोंडावर इतका आनंद मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलाय. मुलाकडची माणसं चांगली होती. ओटी भरली, अंगठ्या झाल्या, वैशाली माझ्या पाया पडली. मी सगळ्यांशी बोलत होतो आणि मला फक्त ते ताठ उभं राहिलेलं फडकं दिसत होतं. कुणीतरी पेढा भरवला. शेवटी सव्वासहाला मी मंडपाच्या मागे जाऊन भागुजीला फोन लावला. बराच वेळ वाजला, मग त्याने उचलला.

"दोन नंबर कसा आहे?"

"काय न्हाई," भागुजी ओरडून बोलत होता. "जरासं शिट्टी मारतंय. तुमी जेवा निवांत."

पण त्याच्या आवाजामागे शिट्टी नव्हती. शिट्टी बारीक असते. मला घरघर ऐकू आली, मोठा ट्रॅक्टर चढाला लागल्यासारखी. तोवरच्या नोकरीत ती मी एकदाच ऐकली होती. मी म्हणालो, "भागुजी, बंद कर. साहेबांची वाट बघू नको, आत्ता बंद कर." पलीकडून फोन कटला होता. त्याने ऐकलं की नाही मला कळलं नाही.

मी सुमनला गाठलं. "जरा कारखान्यात जाऊन येतो," म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता चिडेल. ती म्हणाली, "जरा म्हणताय ना? मग जा लवकर."

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर, मागे दिवा नाही, समोरून गाड्यांचे झोत. पंचेचाळीस मिनिटं लागली. मी मोजत होतो, व्हॉल्व्हचं चाक पूर्ण बंद करायला किती फेरे लागतात. बावीस. चाकापासून जोड दोन-अडीच हातांवर. बावीस फेरे तिथे उभं राहून. बगॅसची आग थांबवायची, पाणी चालू ठेवायचं, हे खालचे लोक करतील, पण चाकाशी अटेंडंटच जाणार. म्हणजे भागुजी जाणार.

कारखाना अर्धा मैल लांब असताना मी गाडी थांबवली, कारण मला काहीच ऐकू येत नव्हतं. हंगामात कारखाना कधी गप्प नसतो. लांबवरच्या वस्त्यांवर बायका त्या आवाजावर पोरांना झोपवतात. त्या संध्याकाळी चरक गप्प होते, आणि वर आकाशात सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफेचं पांढरं झाड तेवढं उठलं होतं. मी पुन्हा गाडी सुरू केली.

गेटवरच वॉचमन म्हणाला, "भागुजीला दवाखान्यात नेलं. जित्ता हाय."

काय झालं ते मला फिटरने सांगितलं. साडेसहाच्या सुमारास गॅस्केट फुटली. भागुजी त्याआधीच वर जाऊन चाक फिरवायला लागला होता, निम्म्याहून जास्त बंद झालं होतं, म्हणून वाफेचा जोर तुटला. उरलेले फेरे त्याने उजवा हात वाफेत असताना पुरे केले. खाली बगॅस ओढणारे चार-पाच जण होते. त्यातल्या एकालाही ओरखडा आला नाही.

नगरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्याला भेटू दिलं. हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत, गळ्यालाही पट्टी, डोळे सुजलेले. त्याची बायको पायाशी बसली होती. मी जवळ गेलो. तोच म्हणाला, "जालं का जेवन नीट काल?"

"भागुजी, किती लागलंय रे?"

"काय न्हाई, अण्णा. जरासं पोळलंय."

मी भिंतीकडे तोंड करून रडलो. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

पुढे चौकशी झाली. साहेबांनी रजिस्टर समोर ठेवलं. 'किरकोळ गळती', खाली माझी सही. मला विचारलं, "तुम्ही पाहिली तेव्हा किरकोळच होती?" मी म्हणालो, "हो." भागुजीला बरं वाटल्यावर त्याचा जबाब घेतला. त्यानेही सांगितलं, "साडेसहापत्तुर किरकोळच हुती. एकदम वाढली." दोघांचं जमलं, गॅस्केट खराब निघाली असं ठरलं, कागद मिटला. भागुजीच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. बॉयलरवर तो परत आला नाही. त्याला टाइम ऑफिसात खुर्ची मिळाली, आणि तिथे बसून तो राहिलेली वर्षं लोकांच्या हजेऱ्या बघत राहिला. मीही आणखी पाच हंगाम काढून निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी मॅनेजरसाहेब भाषणात म्हणाले, यांचं रजिस्टर म्हणजे पाण्यासारखं स्वच्छ. टाळ्या झाल्या. भागुजी मागच्या रांगेत डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होता.

हा मजकूर दिवाळी अंकाला द्यायचा ठरवला तेव्हा छापायच्या आधी भागुजीला दाखवणं भाग होतं. मागच्या आठवड्यात त्याच्या गावी गेलो. ओसरीत बसलो. त्याच्या बायकोने चहा आणला. त्याने कप डाव्या हाताने उचलला, मी माझा कप तसाच खाली ठेवला आणि सगळं वाचून दाखवलं. अडीच वाजता फडकं ताठ उभं राहिलं, तिथे मी थांबलो. पाणी पिऊन पुन्हा वाचलं. भागुजी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होता.

वाचून झालं. मी म्हणालो, "मी तुझ्याशी खोटं बोललो, भागुजी. माझं किरकोळ खरं नव्हतं त्या दिवशी."

"ठाव हुतं," तो म्हणाला.

मला कळलं नाही. "काय ठाऊक होतं?"

"तुमी गेटाभायेर पडला, मी काठी काढली खुंटीवरनं. फडक्याच्या चिंध्या झाल्त्या, अण्णा. किरकोळला चिंध्या व्हत्यात व्हय?"

"मग मला फोन का नाही केलास?"

"फोन केला असता तर तुमी आला असता." त्याने कप खाली ठेवला. "थोरलीच्या टायमाला बी तुमी न्हवता गेला. वैनी किती दिस बोलल्या न्हाईत तुमच्याशी, मला तुमीच सांगितलेलं. मी म्हनलं, सायेब सहाला येत्यात, दोन तास तर काडायचेत. मी हाय की हितं."

साहेब मीटिंगहून वेळेवर परतलेच नाहीत, आणि सव्वाचार ते साडेसहा तो त्या जोडाखाली बसला होता. मी पेढा खात होतो तेव्हा तो काठी घेऊन वर-खाली करत होता. माझा फोन आला तेव्हा तो चाकाला हात घालायलाच निघाला होता. तरी मला म्हणाला, जेवा निवांत. इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्याला फसवलं. मी त्याला फसवलंच नव्हतं. त्याने सगळं बघून माझी पाळी स्वतःच्या हातावर घेतली होती, आणि मला त्याचे आभारसुद्धा मानायची सोय ठेवली नव्हती. याने माझं मन हलकं झालं नाही. आणखी जड झालं.

निघताना तो दारापर्यंत आला. म्हणाला, "छापा तुमी. पन त्या गळतीला मोठी नका लिवू. मानसं उगं घाबरत्यात. बऱ्यापैकी लिवा."

सतरा हंगाम त्याचं मी ऐकलं. एवढं एक ऐकत नाही.

दोन नंबर बॉयलर. मेन वाफेचा जोड. वेळ दुपारी अडीच. गळती मोठी.